लक्ष्मणरेषा काढायची की काढून टाकायची?

सत्तरीची_लेक

नमस्कार मंडळी. लांबण लावणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आमचं गाव सत्तरीत, म्हादईच्या काठाला. देवळाच्या वर्धापनदिनाच्या रात्री गावातलीच माणसं मराठी नाटक करतात. यंदा समितीने पौराणिक ठरवलं, आणि शाळेत मराठी शिकवते म्हणून संहिता माझ्या गळ्यात आली. विषय 'वनवास ते सीताहरण'. वेळ दोन तास, कारण नाटक उभं राहीपर्यंत बारा वाजतात आणि अडीचनंतर मांडपातली अर्धी माणसं पेंगतात.

मला वाटलं, गोष्ट तर पाठ आहे, चार रात्रींत लिहून होईल. तरी एकदा मूळ बघावं म्हणून वाल्मीकींचं अयोध्याकांड आणि अरण्यकांड भाषांतरासह काढून बसले. तिथेच घोटाळा झाला. अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाहीच! दोनदा पानं उलटून बघितली. लक्ष्मण समजावतो, चिडतो, हात जोडतो, पुन्हा पुन्हा मागे वळून बघत निघून जातो. जमिनीवर काही आखत नाही.

तालमीत हे सांगितल्यावर जे झालं ते काय सांगू! आमच्याकडे रेषा म्हणजे निव्वळ प्रसंग नव्हे, आख्खा खेळ आहे. रांगोळीत कापराचे खडे पेरायचे, लक्ष्मणाने बाणाचं टोक टेकवलं की विंगेतून एकाने हळूच काडी लावायची. रावण पाय पुढे टाकतो, ज्वाळ उठते, मांडपातून शिट्ट्या. मी लहान असताना एका वर्षी ज्वाळेने रावणाच्या धोतराचा सोगाच धरला. दशमुखाने तिथून जी उडी घेतली ती थेट मृदंगवाल्याच्या मांडीवर. गाव ते अजून विसरलेलं नाही. तेच काका यंदाही रावण आहेत आणि त्यांचं म्हणणं, "रेषा नसली तर मी कशाला? तिरफळां नसलेलं खतखतं कोण खाणार?"

आता मी जे वाचलं ते थोडक्यात. कैकेयीचे दोन वर, भरताला राज्य, रामाला चौदा वर्षं दंडकारण्य, हे सगळ्यांना ठाऊक. मला थांबवलं ते बारीकसारीक गोष्टींनी. वल्कलं आणून देतात तेव्हा सीतेला ती नेसताच येत नाहीत. एक गळ्याशी, एक हातात धरून ती ओशाळून उभी राहते, आणि राम पुढे होऊन तिच्या रेशमी वस्त्रावरूनच वल्कल बांधून देतो. सगळ्या अंतःपुराला तिथे रडू फुटतं. मलाही. मग चित्रकूट, भरत, पादुका. पुढे आश्रमाआश्रमांतून हिंडण्यात दहा वर्षं जातात, ती वाल्मीकी काही श्लोकांत उरकतात. आपल्या डोक्यात वनवास म्हणजे पंचवटी, पण पंचवटी येते ती अगदी उत्तरार्धात.

आणि सीताहरणाच्या आधीचा तो प्रसंग. 'हा सीते, लक्ष्मण' अशी हाक येते. लक्ष्मण म्हणतो, हा दादाचा आवाज नव्हे. सीता जे बोलते ते मला फळ्यावर लिहून दाखवता येणार नाही. माझ्यावर डोळा ठेवून आलास, भरताने पाठवलंय तुला, असं. गोदावरीत जीव देईन म्हणते. शेवटी तो निघतो, आणि निघताना काय म्हणतो? 'रक्षन्तु त्वां विशालाक्षि समग्रा वनदेवताः।' सगळ्या वनदेवता तुझं रक्षण करोत. बस्स. तिला तो रानाच्या स्वाधीन करून जातो.

मी त्या ओळीपाशी अडकले आहे. रेषा ठेवू की ही ओळ ठेवू? दोन्ही एकत्र बसत नाहीत असं वाटतं. तुमचं काय म्हणणं?

अंत्रुजकार

रेषा ठेव बाय. नाटक लोकांसाठी असतं, परीक्षकांसाठी नसतं.

आमच्या फोंड्याकडे तर रेषेवाचून सीताहरण कुणी कल्पनाही करणार नाही. शिगम्याच्या चित्ररथावर जटायूचे पंख यंत्रावर हलतात, रावणाची दहाच्या दहा डोकी हलतात, आणि खाली लाल बल्बांची माळ असते ती काय? रेषाच. मराठीत 'लक्ष्मणरेषा' हा शब्दच रूढ झालाय. झुरळांच्या खडूलासुद्धा लोक त्याच नावाने ओळखतात. वाल्मीकींनी लिहिली नाही म्हणून काय झालं, लोकांनी लिहिली.

पाठभेद

अंत्रुजकार, 'लोकांनी लिहिली' हे बरोबर आहे, पण कधी आणि कशी हे बघितलं तर धागाकर्तीला उपयोग होईल.

वाल्मीकींत रेषा नाही. महाभारतातल्या रामोपाख्यानातही नाही. तुलसीदासांची गंमत बघा. त्यांच्या अरण्यकांडात सीताहरण होतं तेव्हा रेषेचा शब्द नाही, आणि पुढे लंकाकांडात मंदोदरी नवऱ्याला टोमणा मारते की रामाच्या धाकट्या भावाने आखलेली लहानशी रेघ तुमच्याने ओलांडवली नाही, हीच का तुमची मर्दुमकी! म्हणजे श्रोत्यांना रेषा इतकी ठाऊक होती की प्रसंगात न सांगता टोमण्यात वापरली तरी चालत होती.

त्याहून मोठा पाठभेद रेषेच्या पुढे आहे. वाल्मीकींचा रावण डाव्या हाताने सीतेचे केस धरतो आणि उजव्या हाताने मांड्यांखाली धरून तिला उचलतो. साफ लिहिलंय. नंतरच्या कवींना हे सोसवलं नाही. तमिळ कंबनांचा रावण तिला स्पर्शच करत नाही, खालच्या जमिनीसकट पर्णकुटी उपटून नेतो. अध्यात्म रामायणात राम आधीच सीतेला अग्नीत लपून राहायला सांगतो आणि रावण नेतो ती छायासीता. तुलसीदासांनी तेच घेतलं. माझ्या मते रेषा, उपटलेली जमीन आणि छायासीता ही एकाच जातीची उत्तरं आहेत. जे घडलं ते बघवत नाही, म्हणून मध्ये काहीतरी आणून ठेवायचं.

आणि एक. सीतेला उचलणारा रावण पहिला नव्हे. अरण्यकांडाच्या सुरुवातीलाच विराध नावाचा राक्षस तिला उचलून मांडीवर घेतो. राम त्या वेळी हात-पाय गाळून लक्ष्मणाला म्हणतो की कैकेयीच्या मनात होतं ते आजच पुरं झालं. दोघे भाऊ विराधाचे हात तोडतात आणि शेवटी त्याला खड्ड्यात पुरतात. हा प्रसंग नाटकात कुणीच घेत नाही.

मडगांवची_मावशी

गो बाय, तुझं लिहिणं वाचून भाजी करपली माझी.

सीतेचे ते शब्द गाळू नकोस एवढंच सांगायला आले. आमच्या लहानपणी कीर्तनात हा भाग आला की बुवा घसा खाकरून पुढे जायचे, 'सीतामाई काही कठोर बोलल्या'. काय बोलल्या ते नाहीच सांगायचे. पुढे मीही वाचलं तेव्हा कळलं की तिची जीभ पहिल्यापासून तशीच आहे. राम तिला अयोध्येतच राहा म्हणतो तेव्हा ती काय म्हणते आठव. माझ्या वडिलांनी जावई म्हणून पुरुषाच्या रूपातली बाई पदरात पाडून घेतली की काय! नवऱ्याला! त्या एका वाक्याने ती रानात जाते. तसल्याच वाक्यांनी ती लक्ष्मणाला घालवते. आणि तिसऱ्यांदा तीच जीभ रावणावर चालवते. कुठे सिंह आणि कुठे कोल्हा, कुठे समुद्र आणि कुठे ओहोळ, कुठे सोनं आणि कुठे शिसं, कुठे हत्ती आणि कुठे मांजर. यादी संपतच नाही. त्या यादीत ती रावणाला गिधाडाच्याही पंक्तीला बसवते, आणि थोड्याच वेळात तिच्यासाठी जीव द्यायला धावून येतो तो कोण? गिधाडच. वाल्मीकींनी हे मुद्दाम केलं की नाही देव जाणे, पण मला दर वेळी तिथे चुटपुट लागते.

रेषा आखली की सगळा दोष सरळ तिच्या पायावर येतो. ओलांडलीस ना, मग भोग. आपल्या पोरींना आयुष्यभर हेच ऐकवलंय. मूळात तिने काय केलं? दारात संन्यासी आला, ब्राह्मण अतिथी, शाप देईल अशी धास्ती. म्हणून आसन दिलं, पाय धुवायला पाणी दिलं, जेवण तयार आहे म्हणाली. यात ओलांडलं काय तिने?

बाकी वनवास आम्हा मडगांवकारांना शिकवू नये कुणी. आमचा देव दामोदर मडगांव सोडून जांबावलीला गेला तो गेला. शिगम्यात गुलालाला आख्खं मडगांव तिथे जातं, कुशावतीच्या काठाला. माझे आजोबा म्हणायचे, ही अयोध्येची माणसं चित्रकूटाला निघाली.

अंत्रुजकार

मावशी, दोष पायावर येतो हे पटलं. पहिला प्रतिसाद घाईत दिला होता.

दामोदराचं म्हणालात म्हणून. आमचा फोंडा महाल म्हणजे वनवासी देवांचं गावच आहे. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. तेव्हा नदीच्या पलीकडे देवळं पाडणारं पोर्तुगिजांचं राज्य आणि अलीकडे आदिलशाही. रात्रीतून पालख्या होडीत घालून पैलतीर गाठलं. चौदा वर्षांनी परत जायचा करार काही नव्हता. पैकी रामनाथ म्हणजे रामाचा नाथ, रामाने पुजलेला शिव, असं आम्ही मानतो. त्याच्या वाट्यालाही वनवास यावा!

म्हणून असेल, पण आमच्याकडे दिवाळी रामाच्या परतण्याची नसतेच. पहाटे नरकासुर जाळतो आणि फोव (पोहे) खातो. परत आलेल्यांचा सण साजरा करायला कुणीतरी परत यायला लागतं.

वाट_चुकलेला

विषयांतराबद्दल माफी, पण पाठभेद यांनी रामोपाख्यानाचा उल्लेख केला आणि मुख्य गोष्ट राहून गेली. ते उपाख्यान महाभारतात का येतं? कारण नुकतंच द्रौपदीचं हरण झालेलं असतं.

काम्यक वनात पांडव शिकारीला गेलेले, आश्रमात द्रौपदी आणि धौम्य पुरोहित. सिंधूचा राजा जयद्रथ वाटेने जाताना तिला बघतो. नात्याने दुःशलेचा नवरा, म्हणजे घरचाच जावई! ती त्यालाही पाहुणा म्हणून आसन देते, पाणी देते. मग तो तिला ओढू लागतो, ती त्याला असा धक्का देते की तो भुईवर पडतो, तरी रथात घालून नेतोच. धौम्य पायी रथामागे जातो. पांडव गाठतात तेव्हा भीम त्याचं डोकं भादरून पाच शेंड्या ठेवतो. बहिणीच्या कुंकवाकडे बघून जीव तेवढा सोडतात. या सगळ्यानंतर युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो की माझ्याएवढा दुर्दैवी कुणी आहे का, आणि ऋषी सांगतात, होता, ऐक. ते रामोपाख्यान.

म्हणजे वनवासात बसलेल्या एका नवऱ्याला दुसऱ्या वनवासी नवऱ्याची गोष्ट सांगितली जाते. जिचं हरण झालं ती शेजारीच बसलेली असते. तिला कसं वाटलं हे कुणी विचारत नाही.

लहानपणी हरवळ्याच्या लेण्यांत सहल गेली होती. पांडव इथे वनवासात राहिले, ही त्यांची पाच लिंगं, असं गाईडने सांगितलं. पुरातत्त्ववाले ती लेणी साधारण सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. पण मी त्या दिवशी पाचवी ओवरी बघून विचारलं होतं, द्रौपदी कुठे निजायची? मास्तरांनी कान पिळला.

जुनी_पोथी

सोळाव्या शतकात गोव्यात जेसुइटांनी इथल्या भाषा शिकण्यासाठी रामायण-महाभारताच्या कथा गद्यात उतरवून घेतल्या, रोमी लिपीत. त्या वह्या आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. क्रमांक ७७१ आणि ७७२ कोंकणी, ७७३ मराठी. ज्यांच्या राज्यात देवळं पाडली गेली त्यांच्याच कपाटात आपली सीता चारशे वर्षं सुखरूप बसली. आता बोला, हे हरण की रक्षण?

नाट्यवेडा_डिचोली

पोथीबाब, पूर्वी म्हणालात की पोथी बोलू नये, वाचावी. आज स्वतःच बोलताय. :)

रोखठोक_०७

परंपरेत ढवळाढवळ करायची कुणाला हौस असेल तर स्वतःची गोष्ट लिहावी. सीतामातेच्या तोंडी नको ते शब्द घालून काय मिळणार? उद्या मुलं बघतील.

सत्तरीची_लेक

रोखठोक, शब्द मी घातलेले नाहीत, वाल्मीकींनी घातलेत. मी फक्त काढायचे की नाही हे विचारते आहे. आणि मुलांचं म्हणाल तर मुलं आपल्याहून बरी वाचतात. सातवीच्या वर्गात सांगत होते की सीतेने आकाशातून दागिने टाकले, डोंगरावर बसलेल्या पाच वानरांमध्ये, रेशमी उत्तरीयात गुंडाळून. एका मुलीने हात वर केला: "टीचर, वनवासात वल्कलं नेसायची ना, मग दागिने कुठून आले?"

मला येईना. घरी जाऊन शोधलं. दशरथ कोठारवाल्याला सांगतो की चौदा वर्षं मोजून तेवढी वस्त्रं आणि दागिने सुनेला द्या. शिवाय अत्रींच्या आश्रमात अनसूयेने दिलेले. म्हणजे म्हाताऱ्या सासऱ्याने रडत रडत जे बांधून दिलं, त्यानेच पुढे तिचा माग लागला. हा धागा मी जन्मात पकडला नसता. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे आजोबांनी मदत केली." यापुढे काय बोलणार?

पेटीमास्तर

सगळे वाचले. आता एका वाजवणाऱ्याचं ऐका. तीस वर्षं जत्रांतून पेटी वाजवतो आहे, पेडण्यात दशावतारालाही आणि तुमच्या सत्तरीतल्या लोकनाट्याला, रणमाल्यालाही बसलोय.

पहिलं, रावणाचा संन्यासी. ड्रेपरीवाला भगवी कफनी आणि दाढी देतो आणि रावण ऋषी होऊन येतो. मूळात काय आहे ते वाचून दाखव गो त्या काकांना. तलम काषाय वस्त्र, शेंडी, छत्री, पायांत पादत्राण, डाव्या खांद्यावर काठी आणि कमंडलू. छत्री! वनवासातल्या बाईच्या दारात छत्री घेऊन, वेद म्हणत आलेला माणूस. ती त्याला भिकारी कशी समजेल, पाहुणाच समजणार. रंगमंचावर छत्री आली की अर्धं काम झालं.

दुसरं, मारीच. त्याला विनोदी करू नकोस, सगळे करतात. तो रावणाला सांगतो की एकदा रामाचा बाण बसल्यापासून 'र' ने सुरू होणारे शब्द ऐकले तरी धडकी भरते, रत्न म्हटलं तरी, रथ म्हटलं तरी. हे ऐकून लोक हसतील, हसू दे. पण त्याला माहीत असतं की रावणाच्या हातून मरायचं नाहीतर रामाच्या. तो निवड करून जातो. दशावतारातला चांगला नट हे दोन मिनिटांत उभं करतो, कागदावर एक ओळ नसताना. तिथे संवाद तयारच नसतात, आख्यान ठरतं आणि रंगमंचावर जमेल तसं बोलतात. राजापार्टी आणि स्त्रीपार्टी एकमेकांना अडकवायला बघतात, त्यातच रंग भरतो. स्त्रीपार्टही पुरुषच. सीता-लक्ष्मणाच्या भांडणाला मी एकदा असा स्त्रीपार्ट बघितलाय की लक्ष्मण खराच रडला.

तिसरं, आणि हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असेल बहुतेक. तुझ्या गावच्या आसपास रणमाले होतं ना? त्यात मागे ओळीने उभे राहून जती, म्हणजे गाणी, म्हणतात. पडदा नाही, मागची माणसंच पडदा. रामायण-महाभारताचे प्रसंग पुढे होतात आणि गाव मागे उभं असतं. आता तुझ्या त्या वनदेवता कुठे उभ्या करायच्या ते मी सांगायला हवं का?

सत्तरीची_लेक

मास्तर, उठून उभी राहिले तुमचं वाचून.

काल रात्रीच अरण्यकांड पुन्हा उघडलं, फक्त रान काय करतं ते बघायला. रावण येतो तेव्हा जनस्थानातली झाडं हलायची थांबतात, वारा पडतो, गोदावरी हळू वाहायला लागते. त्याने उचलल्यावर सीता रामाला, लक्ष्मणाला हाका मारते, पण ऐकायला माणूस नाहीच तिथे. मग ती फुललेल्या कर्णिकारांना सांगते, गोदावरीला सांगते, वनदेवतांना नमस्कार करून सांगते, पशुपक्ष्यांना सांगते, की रामाला कळवा, रावण सीतेला नेतो आहे. झाडावर झोपलेला जटायू त्या आक्रोशाने जागा होतो. साठ हजार वर्षांचा म्हातारा, पण धनुष्य मोडतो, रथ मोडतो, डावीकडचे दहा हात तोडतो, ते पुन्हा उगवतात. शेवटी पंख आणि पाय छाटले जातात.

आणि राम परत येऊन झाडांनाच विचारत सुटतो. कदंबाला, बेलाला, अशोकाला, जांभळीला. गोदावरीला विचारतो. ती बोलत नाही! रावणाच्या भीतीने नदी तोंड मिटून वाहते. इथे मी पुस्तक खाली ठेवलं. शेवटी कोण बोलतं? हरणं. तीही तोंडाने नाही. उठतात, दक्षिणेकडे तोंड करतात आणि आकाशाकडे बघत चालू लागतात. सोन्याच्या हरणाने नेलं आणि साध्या हरणांनी वाट दाखवली.

मी या मुलखात वाढले आहे. नानोड्याजवळची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, बघितलेली आहे, तिथून पान तोडायलाही कुणी धजत नाही. शेतावर जाताना आई राखणदाराला, रक्षण करणाऱ्या देवाला, हात जोडते आणि पोरांना म्हणते, जा आता, त्याच्या हवाली केलंय. 'रक्षन्तु त्वां वनदेवताः' मला परकं वाटलंच नाही, ते तर आईचंच बोलणं. फक्त राखणदाराच्या हवाली केलेलं माणूसही कधी कधी परत येत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे.

तर असं ठरवते आहे. मागे गावच्या बारा बायका ओळीने, हातात आंब्याचे टाळे (डहाळ्या). त्याच झाडं, त्याच गोदावरी, त्याच वनदेवता. लक्ष्मण निघताना त्यांच्याकडे वळून हात जोडेल. रावण आला की टाळे हलायचे थांबतील. पेटी, मृदंग सगळं बंद. राम विचारायला येईल तेव्हा बारापैकी एकही बोलणार नाही.

मडगांवची_मावशी

अंगावर काटा आला गो. पण रावणकाकांचं काय?

पाठभेद

छान जमेल. फक्त उचलण्याचा क्षण कसा दाखवणार? केस धरणं दाखवू नये असं माझं मत, पण कंबनांसारखं सोपंही करू नये.

सत्तरीची_लेक

पाठभेद, दिवे जातील. उजेड येईल तेव्हा छत्री उघडी पडलेली, रावण नाही, सीता नाही. एवढंच.

मावशी, काकांशी काल समेट झाला. देवळाच्या पायऱ्यांवर बसून तासभर त्यांना वाचून दाखवलं. जटायू त्यांचे दहा हात तोडतो आणि ते पुन्हा उगवतात, हे ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले. "हे कसं दाखवणार?" म्हणाले. मी म्हटलं, ते तुम्ही आणि सुतारमामा बघा. आता दोघे मिळून घडीच्या हातांचं काहीतरी जुळवताहेत आणि रेषेचं नावही काढत नाहीत. कापूर मात्र त्यांना हवाच आहे. तो जटायूच्या चितेला देणार, राम त्याला बापासारखा अग्नी देतो तिथे. ज्वाळही राहिली.

समितीतल्या दोघांचा विरोध आहे, तो राहील. सीतेची जी वाक्यं आहेत त्यांतली तीन ठेवली, दोन काढली. कुठली काढली ते विचारू नका, मावशी रागावतील. विराध वेळेअभावी गेला.

एकच अडचण उरली. ड्रेपरीवाला म्हणतो की ऋषीच्या सेटमध्ये छत्री येत नाही. घरातल्या सगळ्या घडीच्या आणि बटणाच्या. कुणाकडे जुनी लांब दांड्याची, लाकडी मुठीची छत्री आहे का?

मडगांवची_मावशी

माझ्या माळ्यावर आहे, सासऱ्यांची. कापड थोडं कसरीने खाल्लंय, पण काड्या शाबूत. रविवारी येऊन घेऊन जा. धोतराला आग लावून घेणाऱ्याच्या हातात मात्र तालमीपुरतीच दे, आणि कापूर पेटवायच्या आधी आठवणीने काढून घे.